द्रौपदाबाईंच्या मातीचं विरजण

"माझ्या वांग्यावाचून या कॉलनीचं भरीत झालंय का कधी?" पितांबरनानांनी विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच मान हलवली. "होणार पण नाही."

गिरणेच्या काठावर कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ पेटला होता. भडगावच्या त्या कॉलनीत दर मार्गशीर्षात एका रविवारी सगळी घरं मिळून नदीवर भरीत करायची. वांगी आठ वर्षं नानांच्या अंगणातली. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर माणसाला साहेब म्हणणारं कुणी उरत नाही, पण भरताची वांगी ज्याच्या घरची, त्याला पहिल्या पंगतीत मधोमध बसवतात. नानांचं सगळं म्हातारपण त्या एका पाटावर टेकलेलं होतं.

त्या वर्षी त्यांच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं. द्रौपदाबाई. धुळ्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या. त्यांनी संकोचाने पिशवीतून चार वांगी काढली आणि म्हणाल्या, "माझी पण घाला यात. अंगणातलीच आहेत."

वांगी भाजणारे सुपडूआबा. त्यांनी त्या चार वांग्यांचं भरीत वेगळं ठेचलं, केवळ गंमत म्हणून. अर्ध्या तासात नानांच्या भरताची परात भरलेली आणि द्रौपदाबाईंचं पातेलं भाकरीच्या तुकड्याने पुसून लख्ख. नानांच्या सख्ख्या बायकोने, लिलाबाईंनी, बोट चाटत विचारलं, "अजून आहे का हो ते?"

"पुढच्या साली वांगा अक्काना," सुपडूआबा द्रौपदाबाईंकडे बघून म्हणाले. "नाना, तुम्ही आते आराम करा."

सगळे हसले. नाना पण हसले. हसताना त्यांच्या कवळीचा डाव्या बाजूला टक् असा आवाज झाला.

त्या कवळीबद्दल सांगायला पाहिजे. पाचोऱ्याच्या डॉक्टरने बनवलेली, डाव्या बाजूला जरा उंच बसलेली. चावताना दर घासाला टक् करायची. "जेवताय का टाईप करताय?" असं लिलाबाई म्हणायच्या. पण नानांना तिचा अभिमान होता. खऱ्या दातांपेक्षा बळकट, असं सांगून ते चारचौघांत अख्खी सुपारी फोडून दाखवायचे. एकदा तशी फोडताना पुढच्या दाताचा कोपरा उडाला, तोही ते कौतुकाने दाखवायचे. अख्ख्या कॉलनीला तो दात तोंडपाठ होता.

आता नानांचा दिवस भिंतीपाशी सुरू व्हायचा. दोन अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती. दात घासायचं निमित्त करून ते पलीकडे बघायचे. तीच जमीन, तोच पालिकेचा नळ, तेच ऊन. इकडे नाना युरिया टाकायचे, सुपरफॉस्फेट टाकायचे, आठवड्याला फवारा मारायचे. तिकडे बाई काहीच करताना दिसायच्या नाहीत, आणि वांगी नुसती लोंबत होती, पोपटी, चकचकीत, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढी. कढीपत्ता भिंतीच्या वर गेला. शेवग्याला शेंगा. गावातली गाय नानांच्या फाटकापाशी यायची, वास घ्यायची आणि पुढच्या फाटकाकडे जायची. गाईने असं करावं हे नानांच्या मनाला फार लागलं.

"गुपित काय म्हणायचं बाई?" एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"गुपित कसलं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "या, दाखवते."

शेवग्याच्या सावलीत गळ्यापर्यंत पुरलेलं एक मोठं मडकं होतं. तोंडाला ओलं फडकं. बाईंनी फडकं बाजूला केलं. आत काळीभोर, लोण्यासारखी माती, वर पांढऱ्या धाग्यांची जाळी. आंबूस-गोड वास आला, ताकाचा आणि रानाचा मिळून.

"साक्रीच्या वर डोंगरात आमचं माहेर. तिथल्या पळसाखालची माती आहे ही. आईने दिलेली. यातल्या चमचाभर मातीत अख्ख्या जिल्ह्याच्या माणसांपेक्षा जास्त जीव आहेत, नाना. जिवाणू, बुरशी. त्यांना गूळ, ताक, बेसन घालायचं. वाढले की पाण्यात कालवून झाडाच्या मुळाशी ओतायचं. झाड स्वतः कुठे जेवतं? मातीतले जेवतात, मग झाडाला मिळतं. तुम्ही युरिया देता म्हणजे पाहुण्याला नुसता चहा पाजता."

नानांना ते पाहुण्याचं लागलं.

"विरजण आहे हे मातीचं," बाई पुढे म्हणाल्या. "हवं तर मागा. वाटी घेऊन या, देते. फक्त मागून न्यायचं. आणि देताना मी सांगायचं, अमक्याच्या घरी चाललंय. आई म्हणायची, न सांगता गेलं तर त्याला कळत नाही आपण कुणाचं आहोत. मग ते ज्यात पडेल त्यालाच विरजतं." त्या जराशा ओशाळल्या. "विज्ञानात नाही हे. पण मी पाळते."

"बरं बरं," नाना म्हणाले, आणि घरी आले.

आता बघा, प्रश्न नुसत्या वाटीचा होता. पण आठ वर्षं पहिल्या पाटावर बसलेल्या माणसाने हातात वाटी धरून शेजारणीच्या दारात उभं राहायचं? मग पुढचं भरीत झालं तरी ते कुणाचं? नाना म्हणाले, मरेन पण मागणार नाही. लिलाबाई दर आठवड्याला दह्याचं विरजण त्याच घरून वाटी घेऊन आणत होत्या आणि नाना तेच दही दोनदा मागून खात होते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रोज दिवेलागणीला द्रौपदाबाई मडक्यापाशी बसायच्या, गूळ-ताक ओतायच्या आणि घरच्या बोलीत विचारायच्या, "जेवनात का रे बठ्ठा?" पोरं जेवली का असं विचारावं तसं. नाना भिंतीआड ऐकायचे आणि लिलाबाईंना म्हणायचे, "बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय." आपल्या अंगणात असं विचारण्यासारखं कुणी नाही, हेही त्यांना लागलं होतं.

दसरा झाला. एक दिवस दुपारी द्रौपदाबाई पेन्शनसाठी बँकेत गेल्या आणि नाना बादली उपडी घालून भिंतीवर चढले. हेडक्लार्क माणूस, धोतर खोचून, भर उन्हात. पलीकडे उतरताना कढीपत्त्याची फांदी त्यांच्या कानाखाली बसली. ते मडक्यापाशी गुडघ्यावर बसले. फडकं उचललं. तो आंबूस वास एकदम नाकात गेला आणि नानांना शिंक आली.

शिंक मोठी होती. कवळी तोंडातून सुटली आणि मडक्यात पडली. आवाज झाला नाही. माती जरा हलली आणि सारखी झाली.

नानांनी हात घातला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. माती कोमट होती, अंगाएवढी. त्यांनी चाचपलं, खरवडलं. दात नव्हते. तळ पण नव्हता. आणि मग वासरू बोट चोखतं तसं काहीतरी मऊ त्यांच्या बोटांभोवती आवळलं.

त्यांनी हात ओढला. फाटकाची कडी वाजली. नाना मूठ न उघडता, दातांशिवाय, भिंतीवरून परत आले. बादली लवंडली आणि गुडघा फुटला. पण मुठीत विरजण होतं.

"कवळी कुठे गेली?" लिलाबाईंनी विचारलं.

"तुटली."

"मग तुकडे?"

"फेकले."

"दोनशे जणांत मिरवलेली कवळी, आणि तुकडे फेकले म्हणे," लिलाबाई म्हणाल्या, आणि खिचडी टाकायला उठल्या.

नवी कवळी करायला पाचोऱ्याला जायचं होतं, पण नाना आज-उद्या करत राहिले. जुनी कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. मागायला गेलं तर ती तिथे गेली कशी, हे सांगावं लागणार होतं. म्हणजे तोंड उघडायची सोय दोन्ही बाजूंनी गेली होती.

मूठभर माती त्यांनी आपल्या वांग्याच्या वाफ्यात पुरली. युरिया बंद केला. आणि खरं सांगायचं तर आठवड्यात पानं काळसर हिरवी झाली, खोडं अंगठ्याएवढी. फुलं लागली. नाना भिंतीकडे पाठ करून वाफ्यात उभे राहायला लागले. एक बारीक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. सगळी रोपं उत्तरेला, भिंतीकडे कललेली होती. तिकडून ऊन येत नव्हतं.

मग एका संध्याकाळी पलीकडून हाक आली, "जेवनात का रे बठ्ठा?" आणि त्यामागून आवाज आला.

टक्.

नाना झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला.

टक्. टक्. टक्. सावकाश, नीट चावून खाणाऱ्या माणसाचा आवाज. डाव्या बाजूला जरा उंच.

आणि नानांच्या रिकाम्या तोंडात गोड-आंबट चव आली. गूळ आणि ताक. त्यांनी आवंढा गिळला. गिळायला खरोखरच काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बेसन पण होतं. हळूहळू नानांचं रात्रीचं जेवण सुटलं. बसले की पोट भरलेलं असायचं. लिलाबाईंनी चार दिवस बघितलं, मग ताट पुढ्यात आदळलं.

"बाहेर खाऊन येता का कुठे?"

"मी कशाला खाऊ?"

"तोंडाला ताकाचा वास येतोय. आपल्याकडे आज ताक नव्हतं." त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं. त्या आठवड्यात त्यांनी विरजण दुसऱ्या घरून आणलं. दही पाणचट लागलं आणि त्याचं खापर पण नानांवर फुटलं.

खरं सांगायचं तर नानांना राग कशाचा येत होता? दात गेले म्हणून नाही. आपले दात तिकडे रोज वेळेवर, प्रेमाने विचारून जेवत होते. ते त्यांना सहन होत नव्हतं.

एकदा भिंतीपाशी द्रौपदाबाई भेटल्या. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेतला पेपर तपासताना असावा तसा भाव होता.

"हल्ली मडकं फार खातंय, नाना. पूर्वी पोळी टाकली तर विरघळायला दिवस लागायचे. आता टाकल्या टाकल्या संपते." त्या नानांच्या तोंडाकडे बघत होत्या. "काल उन्हाळ्यातली वाळलेली आंब्याची कोय टाकली. तीसुद्धा फोडून खाल्ली."

नानांनी ओठ घट्ट मिटले. काल संध्याकाळी त्यांच्या हिरड्या ठणकल्या होत्या.

"कुणी मागायला आलं तर मी नाही म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "का, कसं, ते पण विचारत नाही."

"कुणाला काय मागायचंय," नाना ओठांतून म्हणाले, आणि वाफ्याकडे वळले.

वाफा बघण्यासारखा झाला होता. एकेक वांगं दोन्ही हातांत मावेना. कॉलनीतली माणसं फाटकातून बघून जायला लागली. गाय पण एकदा थांबली. सुपडूआबा आले, त्यांनी वांगं तळव्यावर तोललं. "नाना, यंदा तुम्हनाच मान शे," ते म्हणाले, आणि त्या रात्री नानांना झोपेत सुद्धा हसू येत होतं. वांगी तोडताना प्रत्येक वांगं हाताला कोमट लागलं. उन्हामुळे, असं ते स्वतःला म्हणाले. सकाळची वेळ होती. अजून ऊन आलं नव्हतं.

रविवारी गिरणेच्या काठावर नाना मधल्या पाटावर बसले. द्रौपदाबाई बायकांत, एका कडेला, मिरच्या निवडत होत्या. त्यांनी यंदा वांगी आणलीच नव्हती. नानांना ते जरा खटकलं. हरणारं माणूस समोर नसलं की जिंकण्यात मजा काय?

पऱ्हाट्यांचा जाळ झाला. वांगी काळी पडली, फुगली, तडतडली. वास असा सुटला की पोरं खेळ सोडून आली. सुपडूआबांनी पहिलं वांगं परातीत घेतलं, बोटांना पाणी लावून साल सोलली, आणि मधोमध उकललं.

ते थांबले.

वांग्याचा गर आतून खाल्लेला होता. अळीने खाल्ल्यासारखा नव्हे. घास घेतलेला होता. दातांच्या खुणा अर्धगोल, स्वच्छ.

"किडकं असेल," कुणीतरी म्हणालं.

साल कुठेच फाटलेली नव्हती. आबांनी दुसरं उकललं.

तसंच.

तिसरं. चौथं. प्रत्येकात एकेक घास. वांग्याच्या आत, बंद सालीखाली.

आबांनी परात उन्हाकडे कलती केली. खुणांमध्ये पुढच्या एका दाताचा कोपरा उडालेला होता.

अख्ख्या पंगतीने तो दात ओळखला.

"नाना," सुपडूआबा हळूच म्हणाले, "ह्या तं तुम्हना दात शेतस."

कुणी हसलं नाही. पोरं मागे सरकली. लिलाबाईंनी आधी परातीकडे बघितलं, मग द्रौपदाबाईंकडे, मग नवऱ्याकडे. त्या दिवशी कॉलनीने पिठलं खाल्लं. मधला पाट रिकामा राहिला. नाना मधेच उठून घरी आले होते.

संध्याकाळी त्यांनी मांडणीवरून एक वाटी घेतली. भिंत टाळून रस्त्याने, फाटकातून गेले.

द्रौपदाबाई मडक्यापाशी बसल्या होत्या. नानांनी वाटी पुढे केली. 

"विरजण द्या," ते म्हणाले.

बाईंनी का, कसं, काही विचारलं नाही. फडकं उचललं, दोन बोटं मातीत घातली, मनगटापर्यंत सुद्धा नाही, आणि कवळी वर काढली. धुतल्यासारखी पांढरी होती. पाचोऱ्याच्या डॉक्टरने दिली तेव्हाही एवढी पांढरी नव्हती. त्यांनी ती वाटीत ठेवली आणि मडक्याकडे वाकून म्हणाल्या, "पितांबरनानांच्या घरी चाललंय रे."

मग नानांना म्हणाल्या, "याला आता संध्याकाळी जेवायची सवय झालीय. दिवेलागणीला गूळ-ताकाचा घोट द्या. विचारा, जेवलास का म्हणून. थोडे दिवस. उपाशी ठेवू नका, नाहीतर ते ज्यात असेल त्यालाच विरजेल."

"दातांना विचारू?"

"विचारायला काय जातं, नाना."

घरी येऊन नानांनी कवळी नेहमीसारखी पाण्याच्या पेल्यात टाकली, वर बशी झाकली आणि पेला फडताळात ठेवला. दिवेलागण झाली. पलीकडून हाक आली. फडताळात टक् झालं.

"अहो," लिलाबाई म्हणाल्या. "घोटभर ताक ओतू का त्यात?"

"माझ्या घरात दातांची पंगत बसणार नाही," नाना म्हणाले आणि पेपर वर धरला.

फडताळात आणखी दोनदा वाजलं. मग बंद झालं.

सकाळी लिलाबाईंनी बशी उचलली. पेल्यातलं पाणी घट्ट लागलं होतं. कवडी दह्यासारखं, कड न सोडलेलं. त्यांनी ते केळीच्या मुळाशी ओतलं, कवळी विसळली आणि नवऱ्याच्या हातात दिली. नानांनी ती बसवली. बरोबर बसली. डावी बाजू सुद्धा आता उंच लागत नव्हती.

"बघ," नाना म्हणाले. "काही झालं का?"

दुपारी ते दोन महिन्यांनी पहिल्यांदा नीट जेवायला बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. चावताना आवाज येत नव्हता. तिसऱ्या घासाला नानांची जीभ चावली गेली. त्यांनी डोळे मिटले, तोंडावर हात धरला, मग म्हणाले, काही नाही, होतं असं, आणि चूळ भरायला न जाता ताटातच थुंकून हात धुतले.

लिलाबाईंनी ताट उचललं. रक्त नव्हतं. भाकरीच्या तुकड्याशेजारी चिमूटभर काळी माती होती, लोण्यासारखी, कोमट.